शहर रिकामं करण्याची हौस

प्रलयोत्तर कथेला आज जेवढा वाचक आणि प्रेक्षक आहे तेवढा तिला याआधी कधी मिळाला नव्हता. २०२३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’ आली, २०२४ च्या एप्रिलमध्ये ‘फॉलआउट’, आणि त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडे ‘कल्की २८९८ एडी’. पडद्यावरची ही लाट आता लेखणीपर्यंत पोचली आहे. दिवाळी अंकांत, कथास्पर्धांत रिकाम्या मुंबईची कथा हटकून भेटते. दादरला लोकल उभी आहे, फलाटावर गवत वाढलंय, सिग्नलच्या खांबावर घार बसली आहे. यंत्रं कळणारा, पस्तिशीचा एकटा पुरुष मॉलची काच फोडून आत शिरतो, डबाबंद अन्न उचलतो आणि एखाद्या टॉवरच्या गच्चीवर जाऊन समुद्राकडे बघत बसतो. रोग बदलतो, कधी रोगाच्या जागी बॉम्ब येतो, बाकी सगळं तेच राहतं. साच्याबद्दल माझी तक्रार नाही, साचा प्रत्येक लोकप्रिय प्रकारात असतोच. मला राग येतो तो त्या माणसाच्या समाधानाचा. सव्वा कोटीहून जास्त माणसं मेली आहेत आणि हा सुखात आहे. लेखकाला त्यात काही वावगंही वाटत नाही.

या प्रकाराच्या आरंभी हे समाधान नव्हतं. मेरी शेलीची ‘द लास्ट मॅन’ १८२६ साली निघाली तेव्हा तिचा नवरा समुद्रात बुडून जवळपास चार वर्षं झाली होती, तीन मुलं एकामागून एक गेली होती, मित्र बायरनही गेला होता. साथीत सगळे संपल्यावर तिचा शेवटचा माणूस रोममध्ये भटकतो. सगळे राजवाडे त्याला खुले असतात आणि त्यातलं काहीही त्याला नको असतं. तो वणवण करतो ती कुणी तरी दिसेल या आशेने. जॅक लंडनच्या १९१२ च्या ‘द स्कार्लेट प्लेग’पर्यंत येतायेता सूर बदलतो. बर्कलीच्या विद्यापीठातला एकेकाळचा प्राध्यापक आता कातडी पांघरून नातवंडांना जुन्या जगाची हकीकत सांगतो. त्याच्या मनात सगळ्यात खोल घर करून बसलेली गोष्ट कोणती? साथीनंतर एका शोफरने एका बड्या धनिकाच्या बायकोला मारझोड करून आपली बायको केली, ही. जग गेलं याच्या बरोबरीने पायरी उलटली हे त्याला डाचतं. मग १९५१ मध्ये जॉन विंडमची ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’ येते. बहुतेक लंडन आंधळं झालंय, डोळस नायकाला शहर मोकळं आहे. या जातीच्या कादंबऱ्यांना ब्रायन ऑल्डिसने १९७३ मध्ये ऊबदार सर्वनाश म्हटलं. आजच्या पडद्यावरच्या मालाला ते नाव तंतोतंत लागू पडतं.

ही ऊब लोकांना का हवीशी वाटते, हे कळायला मानसशास्त्र लागत नाही. लोकलच्या दारात रोज लटकणाऱ्या माणसाला रिकामा डबा स्वर्गासारखा वाटणारच. घराचा हप्ता, साहेब, सोसायटीतली भांडणं, गावाकडच्या जमिनीची वाटणी, हे सगळं एका रात्रीत नाहीसं व्हावं असं कुणाच्या मनात येत नाही? पण त्या इच्छेची किंमत इतर सगळ्यांच्या मरणाने चुकती होते, आणि कथा ते मरण पहिल्या पानाआधीच उरकून टाकते. लेखकाला तर ही सवलत वाचकापेक्षा जास्त हवी असते. समाज लिहिणं अवघड आहे. रेशनचं दुकान कसं चालतं, तलाठी काय करतो, धरणाचं दार कुणाच्या हुकमाने उघडतं, हे माहीत असावं लागतं. शहर रिकामं केलं की या सगळ्या अज्ञानाला माफी मिळते. प्रलयोत्तर कथा लिहायला सोपी वाटते त्याचं कारण हे आहे, आणि ती वाईट होते त्याचंही कारण हेच.

या प्रकारात दुसरी एक परंपरा आहे. तिला प्रलयाच्या रात्रीत रस नाही. तिला रस आहे तो तिसऱ्या पिढीत. तिच्या शिरोभागी वॉल्टर मिलरची ‘अ कँटिकल फॉर लीबोवित्झ’ आहे, १९५९ ची. मिलर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानावर होता. फेब्रुवारी १९४४ मध्ये मॉन्ते कॅसिनोचा प्राचीन मठ ज्या हल्ल्यात जमीनदोस्त झाला त्यात त्याचा सहभाग होता. त्याच हाताने पुढे मठाची कादंबरी लिहिली. अणुयुद्धानंतर चिडलेले जमाव विद्वानांना मारतात, पुस्तकं जाळतात. लीबोवित्झ नावाचा एक विद्युत अभियंता साधू होतो आणि पुस्तकं लपवण्यासाठी, पाठ करण्यासाठी एक पंथ काढतो. तो पकडला जातो आणि मारला जातो, पण पंथ टिकतो. काही शतकांनी वाळवंटात उपवासाला बसलेल्या फ्रान्सिस नावाच्या तरुण साधूला त्या अभियंत्याचे कागद सापडतात. एक आहे बाजारहाटाची यादी. दुसरा आहे एका विद्युत यंत्रणेचा निळा आराखडा.

पुढची पंधरा वर्षं फ्रान्सिस त्या आराखड्याची सोनेरी, वेलबुट्टीची प्रत करत बसतो. आराखडा कशाचा आहे ते त्याला कळत नाही. निळ्यावर पांढऱ्या रेषा का, हेही कळत नाही, म्हणून या जातीच्या नकला करणारे साधू रेषा सोडून सगळी पार्श्वभूमी शाईने भरत बसतात. ती निळाई त्या काळच्या छपाईचा केवळ योगायोग होता, हा शोध नंतर लागतो. शेवटी दोन्ही कागद घेऊन तो प्रवासाला निघतो, तेव्हा वाटेत दरोडेखोर त्याची सोनेरी प्रत मूळ समजून नेतात आणि मूळ कागद त्याच्याकडेच राहतो. परतीच्या वाटेवर एक बाण त्याचा जीव घेतो. यात एकही लढाई नाही आणि प्रलयोत्तर साहित्यातलं सगळं मोठेपण या एका माणसाच्या पंधरा वर्षांत आहे. ज्ञानाचा अर्थ हरवल्यावरही ते जपणारी माणसं कशी असतील, का जपतील, त्यांच्या जपण्यातून काय विपरीत निघेल? मिलरने हे प्रश्न शेवटपर्यंत नेले. त्याच्या कादंबरीत शतकांनंतर मठातच पुन्हा विजेचा दिवा लागतो, आणि आणखी शतकांनी पुन्हा अणुयुद्ध होतं. जपणारे निर्दोष आहेत असं तो म्हणत नाही. जपणं हा माणसाचा स्वभाव आहे, एवढंच तो दाखवतो.

हे वाचताना मराठी वाचकाला ‘लीळाचरित्र’ आठवलं पाहिजे, आणि आठवत नाही याची मला खंत वाटते. म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा माणसामाणसाकडे जाऊन, पडताळून गोळा केल्या. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ. यादवांचं राज्य देवगिरीवरच्या स्वाऱ्यांत कोसळलं त्या धामधुमीत मूळ पोथी गहाळ झाली. मग महानुभाव पंथाच्या लोकांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. तिचे वेगवेगळे पाठ आज मिळतात ते त्यामुळे. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या गुप्त लिप्यांत घातले आणि पाचसहा शतकं बाहेरच्यांना कळू न देता त्यांच्या नकला करत राहिले. ज्या गोष्टीची मिलरला कल्पना करावी लागली ती आपल्या भाषेत घडून गेली आहे. राज्य बुडालेलं, पोथी हरवलेली, आणि कुणी तरी बसून आठवतंय, दुसरा म्हणतोय की असं नव्हतं, असं होतं. मराठी गद्य आपल्यापर्यंत त्या माणसांच्या स्मरणातून आलं. यावर आपल्याकडे एक प्रलयोत्तर कादंबरी नसावी?

जॉर्ज स्ट्युअर्टची ‘अर्थ अबाइड्स’ मिलरच्या दहा वर्षं आधीची, १९४९ ची. मला ती अनेक बाबतींत अधिक धाडसी वाटते. साथीतून वाचलेला इश बर्कलीत बायकोमुलांसह आणि काही शेजाऱ्यांसह राहतो. विद्यापीठाचं ग्रंथालय शाबूत आहे आणि मुलांना वाचायला शिकवलं की संस्कृती परत उभी राहील असं तो धरून चालतो. माणसं डबाबंद अन्नावर जगतात. नळाला पाणी येतं, वीस वर्षं येतच राहतं. एके दिवशी येत नाही. इतकी वर्षं ते कुठून येत होतं याचा कुणी विचारच केलेला नसतो. मुलांना अक्षरं नको असतात. त्यांतला एकच हुशार मुलगा तापाने जातो. शेवटी इश शाळा बंद करतो आणि मुलांना खेळणं म्हणून धनुष्यबाण करून देतो, कारण बंदुकीची दारू संपल्यावर त्यांना तेच उपयोगी पडेल. एका प्राध्यापकाने लिहिलेल्या कादंबरीत पुस्तकी विद्येने स्वतःहून मागे सरकणं आणि हाताच्या विद्येला जागा करून देणं, ही साधी गोष्ट नाही.

रसेल होबनची ‘रिडली वॉकर’, १९८० ची, मोडक्यातोडक्या, झिजलेल्या इंग्रजीत लिहिलेली आहे. तिच्यावर स्वतंत्र लेख हवा. बॅलार्ड सुंदर आहे आणि गोठलेला आहे. अ‍ॅटवूडबाईंच्या ‘ओरिक्स अँड क्रेक’मध्ये बुद्धी फार, मातीचा वास कमी. झॉम्बींबद्दल लिहिण्यासारखं काही नाही: ‘द वॉकिंग डेड’ २०१० पासून २०२२ पर्यंत अकरा हंगाम चालली आणि तेवढ्या काळात तिला एक पीकही नीट काढून दाखवता आलं नाही. कॉर्मॅक मॅकार्थीच्या ‘द रोड’ने (२००६) या प्रकाराला पुलित्झर मिळवून दिलं आणि त्याचं नुकसानही केलं. त्यातलं बापाचं वात्सल्य अस्सल आहे. पण ज्या जगात काही उगवतच नाही तिथे काम करण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि मॅकार्थीनंतरच्या शेकडो नकलांनी ती राख उचलली, वात्सल्य तिथेच टाकलं.

एमिली सेंट जॉन मँडेलची ‘स्टेशन इलेव्हन’ (२०१४) या दुसऱ्या परंपरेतली अलीकडची सर्वात लोकप्रिय कादंबरी. फ्लूच्या साथीनंतर वीस वर्षांनी ग्रेट लेक्सच्या काठाने एक फिरती मंडळी शेक्सपिअर आणि संगीत घेऊन वस्त्यावस्त्यांतून जाते. आपल्याकडे तमाशाचा फड घेऊन वर्षातले बरेच महिने बाहेर काढणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, पण इंग्रजी कादंबरीत हे दुर्मीळ होतं. मला तिच्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती कर्स्टनच्या मनगटावर गोंदवलेल्या सुऱ्या. तिने जितकी माणसं मारली तितक्या सुऱ्या तिच्या मनगटावर. मरणाचा हिशेब अंगावर वागवावा लागतो. पहिलं वर्ष तिला आठवत नाही आणि ते आठवू नये अशीच तिची इच्छा असते. पण या कादंबरीतल्या वस्त्यांत नांगर कोण धरतं, बाळंतपणं कोण करतं, ते दिसत नाही. कला टिकते हे तिने मनापासून लिहिलं, आणि कलेला जेवू कोण घालतं हे राहून गेलं.

ते ऑक्टेव्हिया बटलरने लिहिलं होतं, वीस वर्षं आधी. ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ १९९३ ची, आणि तिची गोष्ट सुरू होते २०२४ मध्ये. लॉस एंजेलिसजवळच्या भिंतीआडच्या वस्तीतली लॉरेन ही कृष्णवर्णीय मुलगी ओळखते की ही भिंत टिकणार नाही. ती घरातली पुस्तकं उघडून कुठली वनस्पती खाता येते, ओकच्या फळांच्या पिठाची भाकरी कशी होते ते शिकते, पिशवीत बी भरून ठेवते. वस्ती जळाल्यावर महामार्गाने उत्तरेकडे पायी निघते, वाटेत लोक जोडत जाते आणि शेवटी जमिनीच्या एका तुकड्यावर ते सगळे बी पेरतात. इथे एकही दैवी शस्त्र नाही. प्रलयही एका रात्रीचा नाही. पाणी महाग होतं, पोलिसांना पैसे द्यावे लागतात, नोकरीच्या नावाखाली वेठबिगारी येते. आपल्याला हे फार ओळखीचं वाटतं. बटलर २००६ मध्ये वारली. ही कादंबरी २०२० मध्ये, महामारीच्या वर्षात, न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत गेली. लोकांना त्या वर्षी पळून जाण्यासाठी वाचायचं नव्हतं. पिशवीत काय भरायचं ते त्यांना जाणून घ्यायचं होतं.

वाउबगेशिग राइस या अनिशिनाबे लेखकाची ‘मून ऑफ द क्रस्टेड स्नो’ (२०१८) हे सगळं आणखी एक पायरी पुढे नेते. उत्तर ओंटारिओतल्या एका वस्तीवर हिवाळ्याच्या तोंडी वीज जाते, फोन जातात. सुरुवातीला कुणाला काही वाटत नाही, कारण तिथे ते नेहमीच जातात. माणसं शिकार करून ठेवतात, लाकूड साठवतात, म्हाताऱ्यांकडे लक्ष ठेवतात. मग दक्षिणेतून एक धिप्पाड, शस्त्रधारी गोरा माणूस आश्रय मागत येतो. हॉलिवूडच्या पटकथेत हाच नायक असता. राइसच्या कादंबरीत तो संकट आहे. वस्तीतली एक वृद्धा नायकाला सांगते की जग संपणं आपल्याला नवं नाही. गोरे आले, झाडं तुटली, मासे गेले, आपल्याला इथे आणून टाकलं, मुलं हिसकावून नेली, प्रत्येक वेळी आपलं जग संपलं आणि आपण राहिलो. प्रलयोत्तर कथेचा सगळा प्रवाह या एका बोलण्याने उलटा फिरतो. प्रलय भविष्यात आहे ही समजूत ज्यांचं काहीच कधी बुडालं नाही त्यांची आहे.

म्हणून आता सर्वेक्षण बाजूला ठेवून थेट भांडतो. लोकप्रिय प्रलयोत्तर कथेचा पाया एका खोट्या विधानावर आहे: व्यवस्था कोसळली की शेजारी शेजाऱ्याचा गळा धरतो. या विधानाशिवाय बंदूकधारी नायकाचं पोट भरत नाही. रिबेका सॉल्निटने २००९ च्या ‘अ पॅराडाइज बिल्ट इन हेल’मध्ये १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपापासून कतरिना वादळापर्यंतची उदाहरणं मांडून दाखवलं की संकटात सामान्य माणसं बहुतेक वेळा चूल पेटवतात आणि वाढायला लागतात. कतरिनाच्या वेळी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममधल्या खून-बलात्कारांच्या ज्या बातम्या जगभर गेल्या त्यांतल्या बहुतेक अफवा निघाल्या. डॅन्झिगर पुलावर निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या त्या पोलिसांनी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबई कशी वागली हे तर आपण पाहिलं आहे. अनोळखी घरांनी दारं उघडली, रस्त्याच्या कडेला उभं राहून लोकांनी चहा-बिस्किटं वाटली, दोर धरून माणसं काढली. त्या रात्रीवर मराठीत खऱ्या ताकदीची कादंबरी नाही आणि मॉल फोडणारा नायक मात्र आहे. याला मी अनुभवाशी केलेली बेइमानी म्हणतो.

‘कल्की’बद्दल माझा आक्षेप वेगळा आणि अधिक गंभीर आहे. २८९८ मध्ये काशी हे शेवटचं शहर उरलंय, डोक्यावर अधांतरी एक भव्य उलटा पिरॅमिड सगळी संपत्ती शोषून घेतोय, आणि खालची माणसं अवताराची वाट पाहतायत. महाभारतातून अश्वत्थामा उचलला आहे. पण महाभारतातलं खरं प्रलयोत्तर पर्व या सिनेमाने उघडलंच नाही. मौसलपर्वात यादव आपसांत मरतात, द्वारका समुद्र गिळतो. अर्जुन उरलेल्या बायकामुलांना घेऊन निघतो. वाटेत आभीर काठ्या घेऊन लुटायला येतात आणि ज्याच्या गांडीवाने कुरुक्षेत्र जिंकलं त्याला धनुष्याला प्रत्यंचा चढवतानाही कष्ट पडतात. बाण संपतात. बायका डोळ्यांदेखत पळवल्या जातात. त्यानंतर अर्जुन काय करतो? उरलेल्यांचं पुनर्वसन. कृतवर्म्याच्या मुलाला एका ठिकाणी वसवतो, सात्यकीच्या मुलाला सरस्वतीकाठी, कृष्णाच्या पणतूला, वज्राला, इंद्रप्रस्थी. शस्त्र निकामी झालेला वीर माणसं वसवत हिंडतो. इरावतीबाई कर्व्यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारताकडे एका युगाचा अंत म्हणून पाहायला आपल्याला शिकवलं त्याला अर्धशतक उलटलं. ज्या संस्कृतीला ही समज एवढी आधी आली होती तिने सहाशे कोटींच्या सिनेमात अवताराच्या गर्भाभोवती मारामाऱ्या रचाव्यात आणि त्या काशीत डाळ कुठून येते हे कुणीच विचारू नये, याचं मला फार वाईट वाटतं. अवताराची वाट पाहणाऱ्याला बी जपावं लागत नाही.

आणि आपली विज्ञानकथा? जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा दिली. ‘हिमप्रलय’मध्ये त्यांनी मुंबईवर बर्फ पाडला आणि विज्ञानाने त्यावर उपाय शोधला. त्या पिढीचा विज्ञानावरचा विश्वास आदराने घ्यावा असाच होता. पण त्यांच्यानंतरच्यांनी तेवढाच एक धडा उचलला: संकट आणायचं आणि शेवटच्या पानावर शास्त्रज्ञाने ते परतवायचं. परतवता आलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय, ही कथा लिहिलीच गेली नाही. ती आपल्याकडे विज्ञानकथेबाहेर लिहिली गेली आणि समीक्षकांनी तिला प्रलयोत्तर म्हणून कधी वाचलं नाही. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ धरणात गाव गेल्यानंतरची कादंबरी आहे. गाव पाण्याखाली, आणि उरलेल्यांना कार्यालयाच्या दारात आपण उरलो आहोत हे कागदावर सिद्ध करावं लागतं. मॅकार्थीच्या राखेपेक्षा मला हे भयंकर वाटतं. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ त्रयीतलं शेवटचं ‘युगान्त’ हे नाटकही असंच वाचता येतं. दुष्काळाने ओसाड झालेलं गाव, तिथे थांबलेला पराग आणि बाहेरून आलेला अभय. त्यांच्या बोलण्यात जो प्रश्न घोळतो तो या सगळ्या प्रकाराचा गाभा आहे: इथे राहायचं तर कशासाठी?

या दोन कृती हाताशी असताना नव्या लेखकाला कॅलिफोर्नियाचं वाळवंट उसनं का आणावं लागतं? माझ्या मते त्याचं कारण जात आहे. रिकाम्या शहराच्या कल्पनेत जात आपोआप नाहीशी होते, कारण ज्यांच्यामुळे ती आठवावी लागते ती माणसंच नाहीशी केलेली असतात. लेखकाला मोकळं वाटतं ते इथे. पण वाचलेली दहा माणसं एका विहिरीवर आली की पहिल्या दिवशी संध्याकाळी जात परत येईल. १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जे झालं ते ज्या समाजात झालं, तो समाज साथीतून वाचल्यावर पाणी कसं वाटेल? २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या छावण्यांत दलितांना पाणी आणि मदत नाकारल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर नवी गावं वसली तेव्हा घराचा आकार जमिनीच्या मालकीवर ठरला: कुणाला २५० चौरस फूट, कुणाला ४००, कुणाला ७५०. सगळ्यांची घरं एकाच पहाटे पडली होती. मातीतून मात्र जुनी उतरंड तशीच वर आली. भूकंपाने माणसं लांडगे झाली नाहीत, ती मदतीला धावली, आणि त्याच माणसांनी पुन्हा आपापली आळी धरली. हे दोन्ही एकाच कथेत मावेल असा लेखक मला हवा आहे. बाकीच्यांनी दुसरा विषय घ्यावा असं मी स्पष्टच म्हणतो.

‘द लास्ट ऑफ अस’च्या पहिल्या हंगामातला तिसरा भाग मी या आरोपातून वगळतो. बिल हा शस्त्रं साठवून, कुंपण घालून बसलेला माणूस. त्याचा जोडीदार फ्रँक त्याची एक पिस्तूल परस्पर देऊन टाकतो आणि बदल्यात स्ट्रॉबेरीचं बी घेतो. एवढ्या महागड्या मालिकेतला सर्वात क्रांतिकारक व्यवहार तोच आहे, आणि पुढच्याच भागात मालिका पुन्हा गोळीबाराकडे वळते.

ज्याला मुंबई संपवायचीच आहे त्याने कथा दादरला सुरू करू नये, शहापूर तालुक्यात करावी. मुंबईचं बहुतेक पाणी तिथून आणि त्याच्या आसपासच्या धरणांतून येतं: तानसा १८९२ पासून, मग मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. भातसाचं पाणी नदीतून पिसे इथे उचलतात आणि तिथे पंप चालावे लागतात, म्हणून पिसे इथली वीज गेली की आजही शहराचं पाणी आटतं. तानसा-वैतरणाचं पाणी बऱ्याच अंशी उतारानेच येतं. म्हणजे वीज कायमची गेली तरी शंभर किलोमीटरवरून काही पाणी शहराकडे येत राहील, जोवर जलवाहिन्या शाबूत आहेत आणि कुणी झडपा फिरवतंय तोवर. महापालिकेच्या पाणीखात्यात या झडपा फिरवणाऱ्यांना चावीवाला म्हणतात. कुठल्या गल्लीला किती वाजता किती पाणी, हे त्याच्या हातात असतं आणि बरंचसं त्याच्या डोक्यात. स्ट्युअर्टच्या बर्कलीत असा कुणी नव्हता, म्हणून तिथलं पाणी एके दिवशी थांबलं. मुंबईच्या प्रलयानंतरचा पहिला महत्त्वाचा माणूस हा आहे. तो कुणाला शिकवून जाईल? कोणाच्या गल्लीला आधी पाणी देईल?

आणि धरणांच्या बाजूला शहापूरचे आदिवासी पाडे आहेत, जिथे उन्हाळ्यात टँकर येतो. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, ज्यांच्या दारावरून ती जाडजूड जलवाहिनी मुंबईकडे जाते आणि ज्यांच्या हंड्यात तिचं पाणी येत नाही, त्यांतल्या एखाद्या बाईच्या लेखी जग आजच अर्धं बुडालेलं आहे. शहर कोलमडल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचेल तेव्हा त्या वाहिनीच्या कडेला उभं राहून ती काय ठरवेल? अडवेल, फोडेल, की जाऊ देईल? जाऊ दिलं तर बदल्यात काय मागेल, धान्य, औषधं, की आजोबांची जमीन? शहरातून तिच्याशी बोलायला कोण जाईल, कोणत्या भाषेत बोलेल, आणि इतक्या वर्षांनंतर तिने त्याचं का ऐकावं?